हजार कंदील आणि चार सेकंद

आमच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत. माळ्यावरच्या रद्दीसारखे ते आपोआप वाढतात, आणि आवरायला घेतलं की माणूस तिथेच वाचत बसतो. पंधरा वर्षं मी परदेशी कार्टून मराठीत डब करतोय. स्टुडिओ म्हणजे जूचंद्रच्या एका बिल्डिंगमधला वन बीएचके. भिंतींना गाद्या ठोकलेल्या, काचेपलीकडे माईक आणि रेकॉर्डिंग चालू झालं की पेटणारा एक लाल दिवा. खरं सांगायचं तर आता कंटाळा आलाय. पण जयूमावशींचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

*

मावशी वटारच्या, वाडीवाल्या घरातल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, वय एकसष्ट. आमच्या जपानी मालिकेत आवाज मात्र सोळा वर्षांच्या चेटकिणीचा! या चेटकिणीला एकच जादू येते. दोन्ही हात वर करून ती मंत्र ओरडते आणि आकाशात हजार रंगीत कंदील पेटतात. बघत राहावं असं दृश्य. उपयोग एवढाच, की आपले लोक कुठे लपलेत ते राक्षसाला स्वच्छ दिसतं. दर भागात सगळे मार खातात आणि पुढच्या भागात ही पुन्हा हात वर करते.

पहिल्याच दिवशी मावशींनी मंत्र असा ठोकला, की खालच्या मजल्यावरचे सेक्रेटरी हळदीचा डबा घेऊन धावत वर आले. कुणाचं तरी बोट कापलं असं त्यांना वाटलं.

*

मंत्राचाही घोळच झाला होता. उमेश आमचा अनुवादक. त्याने दोन झकास ओळी लिहिल्या, पण त्या संपल्या तरी पडद्यावर चेटकिणीचे ओठ चार सेकंद हलतच होते. डबिंगमध्ये ओठ हलले की शब्द हवा. उमेश पेन चावत बसला. मावशी म्हणाल्या, लाव परत. आणि त्या चार सेकंदांत त्यांनी ठणकावलं, "चांदीप, जूचंद्र, वटार, उजळा!"

तिन्ही आमच्या इथली गावं. ओठ बरोब्बर बसले. नंतर क्लायंटचा फोन आला, शेवटचं संस्कृत फार प्रभावी आहे म्हणून. उमेशने आभार मानले.

*

मालिका चालली आणि मावशींच्या मागे पोरं लागली. एकदा त्या भावकीत कुणाच्या तरी दहाव्याला गेल्या. तिथे गेलेल्यांचा नातूच पायाशी येऊन बसला, मंत्र म्हणा म्हणून. आई ओढतेय, तो हलत नाही. शेवटी मावशींनी त्याच्या कानात हळूच म्हटला. तासभर पिंडाला कावळा शिवत नव्हता, तो तेवढ्यात शिवला!

तेव्हापासून भावकी त्यांना दहाव्याचा निरोप चुकवत नाही.

*

यंदा मावशींच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. नंतर हाच आवाज राहील याची खात्री नाही म्हणाले, आणि तोवर ओरडायला सक्त बंदी. नेमका शेवटचा भाग बाकी होता. त्यात कंदिलांचा पहिल्यांदाच उपयोग होणार होता, ते बघून समुद्रात हरवलेल्या होड्या घरी येतात. मी म्हटलं, मागच्या भागातला मंत्र लावू. मावशी ऐकेनात.

"बारा भाग मार खाल्लाय, सुधीर. हा मीच म्हणणार."

एका टेकची परवानगी त्यांनीच डॉक्टरांकडून काढली. त्या दुपारी बिल्डिंगने पंप बंद ठेवला, कुणी कुकर लावला नाही. मावशींनी हात वर केले. तसा मंत्र मी जन्मात ऐकला नव्हता. माझे डोळे भरून आले. पुसून बघतो तर रेकॉर्डचं बटण मी दाबलेलंच नव्हतं.

काचेपलीकडून मावशींनी विचारलं, "आलं का रे?"

"आलं," मी म्हणालो.

भागात जुनाच मंत्र लावला. कुणाला कळलं नाही. मला मात्र ते खात राहिलं. ऑपरेशननंतर महिन्याभराने वटारला गेलो आणि सगळं सांगून टाकलं. मावशींना अजून बोलायला मनाई होती. त्यांनी पाटी ओढली आणि वळणदार अक्षरात लिहिलं, "दिवा लागला नव्हता. मला दिसत होतं."

"मग ओरडलात कशाला? एकच तर टेक होता!"

मावशींनी पाटी बाजूला ठेवली. दोन्ही हात वर केले आणि आवाज न काढता ओठ हलवले.

सवयीने मी मोजत होतो. चार सेकंद. बरोब्बर बसले.