खंडेनवमीचा बॉयलर

अकोल्यात ज्या ओतकारखान्यात मी फिटर आहे, तिथे एक जुनं वाफेचं इंजिन आहे. लोखंड वितळवायच्या भट्टीत हवा फुंकायचं काम ते करायचं. आता ते काम विजेचा पंखा करतो आणि इंजिन बॉयलरसकट शेडमध्ये धूळ खात पडलेलं असतं. माझ्या वडिलांनी अख्खी नोकरी त्या बॉयलरपुढे काढली. त्यांचे कान तिथेच गेले. आता कितीही ओरडा, त्यांना ऐकू येत नाही आणि ते स्वतः मात्र साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलतात.

गेल्या वर्षी मालकांच्या मनात आलं, की खंडेनवमीला ह्या इंजिनाची पूजा करायची, अमरावतीहून पाहुणे बोलवायचे, बॉयलरमध्ये पाणी न भरताच चुलीत कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्या पेटवायच्या आणि चिमणीतून धूर काढून दाखवायचा. पेटवण्याचा मान वडिलांना. महिनाभर आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. पांढरा सदरा त्यांनी तीनदा इस्त्री करून घेतला.

साफसफाई अर्थातच माझ्या गळ्यात पडली. बॉयलरच्या पोटातला गंज खरवडता खरवडता नवमी उजाडली, तरी मागचा कोपरा राहिलाच. खंडेनवमीला हत्यार पुजायचं असतं, चालवायचं नसतं. मी हातोडी उचललेली वडिलांनी पाहिली असती, तर माझी सालटीच काढली असती. म्हणून कोणाला न सांगता मी सकाळीच आत शिरलो. चपला आत शिरायच्या भोकाच्या तोंडाशी काढून ठेवल्या. हा आमच्याकडचा जुना नियम: चपला दिसल्या की माणूस आत आहे, झाकण लावायचं नाही. मला तो शिकवला वडिलांनीच.

आत मधोमध जाळाची जाड नळी जाते. तिच्या आणि बाहेरच्या पत्र्याच्या मध्ये आडवा माणूस जेमतेम सरकेल एवढी जागा. मी पोटावर सरकत पार टोकाला गेलो. काम उरकत आलं होतं, तेवढ्यात वरचा नळ काढलेल्या छिद्रातून वडिलांचा आवाज आला.

"कोनाच्या चपला हायेत रे ह्या? पूजेच्या जागी कोनी चपला काहाडते काय? उचला!"

नवमीला कोणी काम करत असेल, हे त्यांच्या मनातही येणं शक्य नव्हतं. मी तेव्हाच ओरडायला हवं होतं. दुसऱ्या कोणाच्या तरी कानावर गेलं असतं. पण पाहुण्यांसमोर शिव्या खायच्या नव्हत्या, म्हणून गप्प बसलो. ते गेले की हळूच निघू, असा माझा शहाणपणा. त्याचा आजही मला राग येतो.

मग कोणीतरी म्हणालं, "हे भोक फोटोत वंगाळ दिसून राहिलं, झाकण लाव." उजेड गेला आणि बाहेरून नट आवळल्याचा आवाज आला.

मी ओरडलो. बाहेर जनरेटर सुरू झाला होता आणि स्पीकरवर आरती. माझा आवाज माझ्याच अंगावर परत येत होता. मोबाईल होता, पण एवढ्या लोखंडात रेंज कुठली? सरळ बसताही येत नव्हतं. पऱ्हाट्या पेटल्या की माझ्या कुशीला टेकलेली ती नळी काही मिनिटांत तापणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मला भीती वाटली. मग मी हातोडी घेऊन पत्र्यावर घाव घालत सुटलो.

आरती संपली तेव्हा बाहेरच्यांना ठणठण ऐकू गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या! मालकांनी काहीतरी यंत्र बसवलं असेल, अशी पाहुण्यांची समजूत. मालकांना वाटलं, ही वडिलांचीच करामत. आमची कारखान्यातली माणसं तिकडे पंगतीच्या तयारीत होती.

मग पत्र्यावर पान्याचे तीन ठोके पडले. ते वडिलांचे होते. पेटवण्याआधी तीनदा वाजवून आत कोणी नाही ना, याची खात्री करायची ही त्यांची जन्माची सवय. मी जीव खाऊन तीन ठोके परत दिले. बाहेर कोणीतरी आनंदानं ओरडलं, "इंजिन जबाब देऊन राहिलं!"

ज्यांनी विचारलं होतं, त्यांनाच उत्तर ऐकू येत नव्हतं. मी तरीही मारत राहिलो. दुसरं करणार काय?

पुढचं मला नंतर कळलं. एका हातात पेटता पेंढा असताना वडिलांनी दुसरा तळहात पत्र्यावर टेकवला, आणि तो धक्का त्यांच्या हाताला लागला. पेंढा फेकून त्यांनी पान्यानं नट सोडवला. पान्याला दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही.

मी भोकातून बाहेर आलो तेव्हा टाळ्या थांबल्या होत्या. वडिलांनी माझं तोंड चाचपलं.

"कवापासून वाजवून राहिला होता?" त्यांनी विचारलं. साऱ्या शेडला ऐकू गेलं. पाहुण्यांनी माना खाली घातल्या.

"आत्ताच, बाबा," मी म्हणालो आणि त्यांना कळावं म्हणून एक बोट दाखवलं. म्हणजे, एकदाच वाजवलं.

त्यांनी माझी मूठ धरून उघडली. हातोडीच्या दांड्यानं तळव्याला आलेले फोड फुटून रक्त निघत होतं. त्याकडे बघत वडील भर पाहुण्यांत केवढ्या मोठ्यानं रडले, ते त्यांना स्वतःला ऐकू येत नव्हतं.