दोन वर्षांची लावली तर

खून-दरोड्यांचे कितीतरी तपास आता धूसर झाले, पण पाटी रंगवल्याची ती फिर्याद काही केल्या डोक्यातून जात नाही. मी तेव्हा शहरातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. हद्दीत स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका गल्लोगल्ली उघडल्या होत्या. खेड्यांतली पोरं-पोरी खोली करून राहायची, मेस लावायची, अभ्यासिका लावायची आणि पहाटे मैदानावर धावायची.

एका सकाळी हजेरी आटोपून चहा घेत होतो, तोच एका अभ्यासिकेचा चालक तणतणत आत आला. "साहेब, माझ्या बोर्डाची पार वाट लावली. गुन्हा दाखल करा."

जागेवर जाऊन पाहिलं. पाटीवर महिन्याच्या फीचा आकडा रस्त्यापलीकडून वाचता येईल एवढा मोठा होता. अगदी खाली, डोळे बारीक केले तरच दिसेल अशा अक्षरांत, 'दोन वर्षांची फी एकदम भरल्यास'. महिन्या-महिन्यानं भरणाऱ्याला दर जवळजवळ दुप्पट. आणि त्या आकड्याच्या शेजारी कुणीतरी लाल रंगानं, तेवढ्याच ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'दोन वर्षांची लावली तर'.

"यात खोटं काय लिहिलंय?" मी विचारलं.

"खोटं नाही, साहेब. पण असं ढळढळीत कुणी लिहितं का?"

मला हसू आलं, पण वर्दीत हसायची सोय नसते. रंग बोटावर घेतला. मेंढरांच्या पाठीवर कळपाची खूण म्हणून ओढतात तो हा रंग. समोरचा चहावाला आधी नजर चुकवत होता, मग कप विसळता विसळता हळूच म्हणाला, "साहब, मेरा नाम नक्को आने देना. पागोटेवाले एक चाचा थे, हाथ में रंग का डिब्बा. उनकी बेटी इधरीच पढती थी. करमाड साइड के हैं."

मी निरोप धाडला, तसे दुसऱ्या दिवशी ते गृहस्थ ठाण्यात आले. उन्हानं रापलेले, मेंढरांमागं आयुष्य गेलेलं. खुर्ची दिली तरी कडेला टेकले.

"व्हय साहेब, म्याच केलं. घाला आत."

इतक्या झटपट कबूल होणारा माणूस बहुधा दुसऱ्याचं ओझं उचलून आलेला असतो. मी कागद आणि पेन पुढं केलं. "पाटीवर लिहिलंत तेच इथं लिहा."

त्यांनी पेन हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि खाली ठेवलं. "आकडं तेवढं कळत्यात साहेब. लिव्हता येत नाय." मग हात जोडले. "पोरीचं नाव घेऊ नका. पोलिसात निवडीच्या यादीत आलीया. चौकशीचा कागद तुमच्याच खात्यातनं जायचाय. एवढ्या पायी तिचं सगळं पाण्यात जाईल."

त्यांचं म्हणणं खरं होतं. चारित्र्य पडताळणीच्या वेळी उमेदवाराच्या नावावर नोंद निघाली, की नेमणूक अडकते.

मुलगी व्हरांड्यातच उभी होती. ऐकून तडक आत आली. "मीच लिहिलं, साहेब. आबांनी फक्त मला खांद्यावर घेतलं. पाटीला हात पोचत नव्हता."

"कशासाठी?"

"आबा तो आकडा वाचूनच मला इथं घेऊन आले होते. आत गेल्यावर कळलं, तो दर दोन वर्षांचाच. म्हणले, मग दोन वर्षांची लावू, स्वस्तात पडतंय. मी लई रडले. दोन वर्षांची लावायची म्हंजे दोन वर्षं नापास व्हायचं आत्ताच ठरवायचं. इथं जो येतो तो लवकर सुटायलाच येतो ना, साहेब? परवा सामान न्यायला आले, तर एक बाई पोरीला घेऊन पाटीखाली उभी. बोटानं आकडाच दाखवत होती. आबांच्या हातात मेंढरांसाठी घेतलेला रंगाचा डबा होता. राहवलं नाही."

बाप मान खाली घालून बसला होता. "मला काय ठावं," तो पुटपुटला, "पोरीला आसं लागंल म्हून."

मी चालकाला बोलावून घेतलं. समोर ती दोघं पाहून त्याचा आवाज खाली आला. "साहेब, या गल्लीत सगळ्यांचे बोर्ड असेच आहेत. मी एकट्यानं महिन्याचा दर मोठा लिहिला तर पोरं पुढच्या दारात जातील. मीसुद्धा याच परीक्षा देता देता वय घालवलं, म्हणून हे काढलं." त्याचा मला राग येईना.

"सर, तुमच्याकडं सगळं चांगलं होतं," मुलगी म्हणाली. "मी पास झाले ती तिथं बसूनच. मग बारीक कशाला लिहायचं?"

"तू पास झालीस?" तो उठूनच उभा राहिला. "मला सांगितलंही नाहीस?" मग माझ्याकडं वळून म्हणाला, "माझी काही तक्रार नाही, साहेब." पुढं कित्येक दिवस येता-जाता मी ती पाटी बघत होतो. लाल अक्षरं त्यानं पुसली नाहीत.

बारीक अक्षरांत लिहिणं कुठल्याच कलमात बसत नाही. खोटं न बोलता माणसाला फसवता येतं, हे ठाण्यात रोज दिसायचं. पण आशेनं आलेल्या माणसाला त्याच्याच अपयशावर सवलत देता येते, हे त्या मुलीनं दाखवलं. तेव्हापासून कुठलीही जाहिरात मी खालून वर वाचतो.

त्या दिवशी ठाण्यातून जाताना म्हातारा दारात थबकला. "साहेब, पोलिसातली नोकरी किती वर्साची आसती?"

"निवृत्त होईपर्यंत."

त्यानं लेकीकडं पाहिलं, आणि पहिल्यांदाच हसला. "मंग ही तर जलमाचीच लावली की."