व्हालेरीबाईंचं अक्षर

आमच्या ह्यांचं नाव मातुरँ, पण नाचघरात सगळे ह्यांना खडूवाला म्हणत. राजवाड्यात बॅले ठरला की आदल्या दिवसापासून हे फरशीवर गुडघे टेकून बसलेले असायचे. हातात दोरी, कानावर खडू आणि समोर नाचाच्या मास्तरांचा कागद. त्यात बघून ज्याने जिथे उभं राहायचं तिथे फुली मारायची, हे ह्यांचं काम. नाचणारे सगळे सरदार आणि त्यांची पोरं. लढाईत ते म्हणे रांग मोडत नाहीत. इथे तीन आठवडे घोकूनही डावीकडे जायचं की उजवीकडे ते विसरतात आणि वर फुली पुसट होती म्हणतात.

मूळचे हे ओर्लेआँचे, सुताराच्या घरचे. नाचघरात ढगांची यंत्रं बसवायला आले, शिडीवरून पडले आणि पाय अधू झाला. वर चढणं संपलं, म्हणून खाली आले, ते बावीस वर्षं खालीच राहिले. गुडघ्यांना असे घट्टे पडलेत की चर्चमध्ये बायका उशी शोधत असतात तेव्हा हे दगडावर आरामात बसलेले असतात. घरातसुद्धा माझं स्टूल हललं की परत मोजून जागेवर ठेवतात. मी वैतागते. पण माणूस वाईट नाही.

माझं नाव जिलेत. त्याच नाचघराच्या मागच्या खोलीत मोजे रफू करते, मुखवट्यांना फिती शिवते. आम्हां दोघांनाही अक्षरओळख नाही. त्यावाचून कधी अडलं नव्हतं, कारण सरदार मिळून फूल करतात, चांदणी करतात की अक्षर करतात, हे खालच्याला दिसतच नाही. खालच्याला पुढच्याची पाठ दिसते. ते सगळं वर सज्ज्यात बसणाऱ्यांसाठी आणि उंच खुर्चीवरच्या राजेसाहेबांसाठी. खुर्ची कायम शेकोटीच्या टोकाला. हे दाराकडे पाठ करून कागद धरायचे आणि जसा दिसेल तसा फरशीवर उतरवायचे. बस.

घोळ झाला तो उपासाचे दिवस लागण्याआधीच्या रविवारी. एका ड्यूकचं लग्न व्हालेरी नावाच्या मुलीशी ठरलं होतं आणि राजेसाहेब त्यासाठी बॅले देणार होते. शेवटी बारा सरदारांनी नवरीच्या नावाचं पहिलं अक्षर करायचं, दोन फांद्या खाली एका टोकाला मिळतात तसं. मधे मशाली घेतलेले चौघे आडवे उभे राहणार, नुसती शोभा म्हणून. हे सगळं मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की बारा जणांचे चोवीस मोजे लागणार.

सकाळी शेकोटी धुमसायला लागली. सगळं दालन धुराने भरलं. गाद्यावाले आले आणि राजेसाहेबांची खुर्ची उचलून दाराच्या टोकाला घेऊन गेले. मी ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं. थोड्या वेळाने मास्तर देलोर्मांनी ह्यांच्याकडे नवा कागद पाठवला. हे तो घेऊन माझ्या खोलीत आले.

"जिलेत, हा कागद मला उलटा वाटतोय," हे म्हणाले. "परवाच्या तालमीत टोक इकडे होतं. आता तिकडे आहे."

"तुम्हालाच उलटं दिसतंय. सकाळपासून धूर गिळताय."

"नाही गं, खरंच."

"ते राहू दे. खुर्ची तिकडे नेली, ते पाहिलंत का?"

"पाहिलं."

"मग? बघणारा दाराकडे गेला, तर तुम्ही शेकोटीकडे पाठ करा. कागदही तुमच्याबरोबर फिरेल. एवढंही मीच सांगायचं?"

ह्यांनी कागद एकदा असा फिरवला, एकदा तसा. "मास्तरांना विचारू का?" म्हणाले.

"मास्तर आज चावतील," मी म्हटलं. "आणि विचारून काय सांगणार, बावीस वर्षांनी मला कागद धरता येत नाही म्हणून?"

मग हे गेले, शेकोटीकडे पाठ केली आणि तिथून कागद जसा दिसला तशा फुल्या मारल्या.

दुपारी बॅले झाला. मी पडद्याआड सुईदोरा घेऊन उभी होते. सरदार धापा टाकत आपापल्या फुलीवर गेले, मशालवाले मधे उभे राहिले, सारंग्या थांबल्या. टाळ्या व्हायला हव्या होत्या. वर कुणीतरी खुदकन हसलं, मग दुसरीकडे, मग सगळा सज्जा पंखे तोंडावर धरून हसायला लागला. नवरी उठून निघून गेली. ड्यूकचा चेहरा पांढराफटक. मला काही समजेना. मोजा सुटला की काय म्हणून मी बाराही जणांच्या पोटऱ्या तपासल्या.

एका चाकराने मग मला सांगितलं. व्हालेरीचं अक्षर उलटं केलं, म्हणजे टोक वर आलं, आणि मधे आडवी रांग दिली की दुसरंच अक्षर होतं. ते आर्तेमीजबाईंचं. या आर्तेमीजबाईंच्या मागे ड्यूक चार वर्षं होते. त्या सज्ज्यात पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

मास्तर देलोर्म मागच्या खोलीत आले ते ओरडत आले नाहीत. तेच जास्त भयंकर होतं. ह्यांना विचारलं, "मी कागद फिरवून पाठवला होता. खुर्ची हलली म्हणून सकाळी बसून नवा काढला. तू तो परत का फिरवलास?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, तोही अर्धाच. मास्तरांनी फिरवला आणि ह्यांनी परत फिरवला, म्हणजे मुळात होता तसाच झाला. मग मूळचा बरोबर होता की चूक? मी हातातला मोजाच फिरवून बघत होते.

"वरचे मला माणूस मागताहेत," मास्तर म्हणाले. "एक माणूस जाणार. हे तुझं डोकं नाही, मातुरँ. तू विचारल्याशिवाय फुली मारत नाहीस. कुणी सांगितलं त्याचं नाव दे आणि उद्या कामावर ये."

खोलीत आम्ही तिघंच. हे माझ्याकडे बघतील असं मला वाटलं. बघितलं असतं तर मी बोलले असते, असं मी तेव्हापासून स्वतःला सांगत आले आहे. ह्यांनी बघितलं नाही. कानावरचा खडू काढून मास्तरांच्या पुढे ठेवला.

"कुणी नाही," हे म्हणाले. "माझाच गोंधळ झाला."

लाज वाटते सांगायला, पण मी मोज्याला टाके घालत राहिले.

आता हे नदीकाठी होड्यांना डांबर लावतात. तिथेही गुडघ्यांवरच. मी अजून नाचघरात जाते. नवा खडूवाला तरणा आहे, अक्षरं वाचतो आणि फुल्या वाकड्या मारतो.

त्या दिवशी घरी जाताना मी वाट बघत होते की हे आता बोलतील, मग बोलतील. पुलावर आल्यावर मीच विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंत?"

"तू मुद्दाम थोडंच केलंस," हे म्हणाले. "आणि मला तर बावीस वर्षांत कळलं नाही, फरशीला वरचं टोक कुठलं आणि खालचं कुठलं. तू इतकं ठाम सांगितलंस, मला वाटलं तुला कळतं."

मलाही कळत नव्हतं, हे मी ह्यांना अजून सांगितलेलं नाही.