पुढची दोन सिलिंडरं आमची

आमच्या घरची वाटणी झाली तेव्हा पंचांनी सगळं बरोब्बर निम्मं केलं. रान निम्मं, म्हशी निम्म्या, पितळेची भांडीसुद्धा निम्मी. राहिला ट्रॅक्टर. वडील तो धाकट्या भावाला द्यायला तयार नाहीत, चुलता थोरल्याला द्यायला तयार नाही, आणि विकायचं नाव काढलं की दोघंही अंगावर यायचे. संध्याकाळ झाली, पंचांना भुका लागल्या. त्यातल्या एकानं चुन्याची बादली मागवली आणि बॉनेटवर मधोमध आडवी रेघ मारली. पुढचा ट्रॅक्टर थोरल्याचा, मागचा धाकट्याचा. ट्रॉलीच्या फळ्यांवरही तशीच रेघ. मी तेव्हा बाविशीतला गडी, घरात ट्रॅक्टर चालवणारा मी एकटाच. मी म्हटलं, "अरे, डोकी फिरली का काय तुमची?" तर दोघं भाऊ एका सुरात माझ्यावर ओरडले. त्यानंतर त्यांचं एकमेकांशी बोलणं बंद झालं ते झालंच.

बॅटरी पुढं होती, म्हणून वडलांनी ती काढून घरात आणली. इंजिन फिरवायचं हँडल पुढून लागतं, म्हणून तेही आणलं. चुलत्यानं मागची सीट उचकटून स्वतःच्या सोप्यात ठेवली आणि रोज तिच्यावर बसून चहा प्यायला लागला. उभ्या सायलेन्सरमध्ये पाणी जाऊ नये म्हणून वडलांनी त्यावर डालड्याचा डबा पालथा घातला होता. चुलत्यानं तो भिरकावून दिला. सायलेन्सर म्हणे रेघेच्या मागं येतो, त्यावर दुसऱ्याचा डबा नको. वडलांनीही मग वर बघणं सोडलं. दोन पावसाळे त्या सायलेन्सरनं वरून पाणी पिलं आणि गावानं मजा बघितली.

मग चुलत्याच्या मुलीचं लग्न ठरलं. स्थळ मलकापूरचं. बैठकीत चुलत्यानं छाती फुगवून सांगितलं होतं की वऱ्हाड घरच्या ट्रॅक्टरनं येईल. आता आली का पंचाईत!

या मुलीचं आणि माझ्या आईचं सांगतो. मुलगी झाली तेव्हा चुलती तापानं अंथरुणाला खिळली होती. माझी धाकटी बहीण तेव्हा अंगावर पीत होती, तिच्याबरोबर हिलाही आईनंच दूध पाजलं, न्हाऊमाखू घातलं, मोठं केलं. पोरगी आईला 'थोरली आई' म्हणायची. वाटणी झाल्यापासून वडलांच्या धाकानं दोघी नुसत्या पाणवठ्यावर एकमेकींकडं बघायच्या. लग्न ठरल्याचं कळल्यावर आई रात्री जेवली नाही. म्हणाली, "मी तिच्या अक्षतेला उभी ऱ्हाणार." वडील म्हणाले, "पोरीचं काम हाय, माझा निम्मा ट्रॅक्टर मी अडवणार न्हाई. पण माझ्या घरातलं माणूस जाणार न्हाई." म्हणजे ट्रॅक्टरला आमंत्रण, आणि आईला नाही! माझं असं डोकं तापलं की बॅटरी उचलून त्यांच्या पायावर टाकावी.

बॅटरी जोडली, सीट आली, तरी इंजिन काही धरेना. मी शिवाजी पेठेतून मिस्त्री आणला. त्यांना सगळे चाचा म्हणत. हात चांगला, तोंड त्याहून तिखट. त्यांनी इंजिनावरचं झाकण काढायला पाना लावला, तसे वडील ओरडले, "रेघेच्या मागनं उघडा!"

"झाकण एकच हाय पावणं," चाचा म्हणाले. "निम्मं उघडाय काय ती पेटी हाय?"

झाकण निघालं. चाचांनी आत बोट फिरवून बघितलं. चार सिलिंडरांतल्या तिसऱ्याचा, म्हणजे रेघेमागच्याचा, व्हॉल्व्ह गंजानं उघडाच अडकून बसला होता. तिसरा म्हटल्याबरोबर वडलांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "मिस्त्री, त्यास्नी सांगा, आमची दोन्ही सिलिंडरं ठणठणीत हाईत."

चुलता चार हातांवर उभा होता. तो म्हणाला, "मिस्त्री, त्यास्नी सांगा, आमचं काय आसंल ते आमी बघू."

"मला काय तार हाफिस समजलासा काय?" चाचा कावले. "दोघं बी ऐकतायसा की!"

व्हॉल्व्हच्या दांडीवर डिझेल सोडून त्यांनी ते मुरू दिलं. मग म्हणाले, तिसरा पिस्टन खाली घेतला पाहिजे, नाहीतर ठोकताना व्हॉल्व्ह त्याच्यावर आदळेल. हँडल द्या. हँडल आमच्या घरात. वडील जागचे हलेनात. "हँडल मारलं की माझं दोन पिस्टन बी वर-खाली हुणार. दुसऱ्याच्या व्हॉल्व्हपायी माझं पिस्टन का झिजवू मी?"

मी म्हटलं, "आबा, आता मात्र हद्द झाली." चाचा पिशवी आवरायला लागले. तेवढ्यात आई घरातून आली, पदरानं पुसत पुसत हँडल आणलं आणि कुणाकडं न बघता माझ्या हातात दिलं. मी हळूहळू हँडल फिरवलं. चाचांनी दांडी पकडीनं धरून जराशी पिळली, लाकडी हातोड्यानं बेतानं ठोकली, पुन्हा डिझेल, पुन्हा पिळणं. दुपार टळली तेव्हा व्हॉल्व्ह खाली गेला आणि स्प्रिंगनं खट्‌कन वर आला.

"सुटला!" दोघं भाऊ एकदमच ओरडले. आणि मग दोघांनीही तोंडं फिरवली. झाकण बसवून स्टार्टर मारला, तर इंजिन काळा धूर ओकत चालू झालं.

लग्नाच्या दिवशी पहाटे वऱ्हाड ट्रॉलीत चढलं, सगळं रेघेच्या मागं दाटीवाटीनं. पुढचा भाग मोकळा. मी गिअर टाकणार, तेवढ्यात आई इरकली लुगडं नेसून आली, चाकावर पाय देऊन वर चढली आणि पुढं मांडी घालून बसली.

"उतर खाली!" वडील दारातून गरजले.

"का उतरू?" आई म्हणाली. "मी कुणाच्या जाग्यात बसलीय? पुढचा भाग आपला हाय. पंचांनी दिलाय."

मी हसू दाबायला स्टेअरिंगवर कपाळ टेकलं. मग नवरी उठली. हळदीच्या अंगानं, मुंडावळ्या सावरत, बायकांच्या मांड्या ओलांडून पुढं आली आणि 'थोरली आई' म्हणून आईच्या गळ्यात पडली. दोघी अशा मोठ्यानं रडल्या की इंजिनाचा आवाज कमी पडला. मागोमाग चुलती आली, तिच्यामागं करवल्या, मग म्हाताऱ्या. पुढं मुंगी शिरायला जागा उरली नाही, आणि मागं चुलता आणि रुखवताच्या टोपल्या.

वडील घरात गेले. मी म्हटलं, झालं, आता हे दार लावून घेणार. तर कोट घालून, फेटा काखेत मारून बाहेर आले आणि ट्रॉलीजवळ घुटमळले. पुढं बघितलं, मागं बघितलं.

चुलता मला म्हणाला, "मागं जागा हाय म्हणावं त्यास्नी."

मी तोंड उघडायच्या आधी वडील म्हणाले, "ऐकलं मी," आणि टोपल्या बाजूला सारून भावाच्या शेजारी जाऊन बसले.

मलकापूर येईपर्यंत मी एकदाही मागं वळून बघितलं नाही. माझ्याच डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं.