धुतलेली मुळं

नर्सरीत त्याला सगळे फौजदार म्हणत. खुरपं वीतभर इकडचं तिकडे झालं, तरी हा चौकशी लावायचा. मातीवरही त्याचा भरवसा नव्हता, तिच्यातून कीड येते म्हणे. म्हणून रोप कुंडीत लावण्याआधी मागच्या खोलीत जायचं, दार लावायचं आणि टबात मुळं घासून लख्ख करायची, हा त्याचा नवा नेम.

धुऊन लावलेल्या टोमॅटोच्या रोपांनी तिसऱ्या दिवशी माना टाकल्या. माती तर ओलीच होती. पाणी घालणारी मावशी बारा वर्षांची सोबतीण, घरात कमावणारी एकटी. पण संशय कुणाचं घर बघतो? फौजदारानं चिमूटभर माती जिभेवर ठेवली. खारट लागली. एरवी माती कशी लागते, हे त्याला ठाऊक होतं थोडंच.

"मावशी पाण्यात मीठ घालतेय," त्यानं मालकीणबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, तेव्हा मावशीनं एप्रन खुंटीला अडकवला आणि सरळ घर गाठलं.

पुढे पाणी त्यानं स्वतः घातलं. तरी रोपं मरतच राहिली. आता संशय घ्यायला मालकीणबाईच उरल्या होत्या. त्यांनी त्याचं एक रोप उपटलं, ट्रेमधलं न धुतलेलं एक काढलं आणि दोन्ही भिंगाखाली धरली.

"ही बारीक लव दिसते? मातीतलं पाणी ही ओढते. जाड मुळं ते फक्त वर पोचवतात. तुझ्या रोपाला लवच नाही, चिखलात उभं राहून तहानेनं मेलं. मावशीला घेऊन ये, नाहीतर तूही येऊ नकोस."

मावशी दारात शेंगा सोलत बसली होती. फौजदाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलो, मावशी. मीच मुळं घासून रोपं मारली."

"माहीत होतं मला. टब कोण धूत होतं? तळाशी तुटक्या मुळांचा गाळ असायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते, तर तू काय समजला असतास?"

ही आपली रोपं बिघडवायला बघतेय, असंच समजला असता तो.

मावशीनं पुढची शेंग उचलली. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.