एकच टक

कनकाक्कांनी माझ्या गाडीला एक चक्कर मारली आणि नाक मुरडलं. "अस्की गॅरेजवाल्यांनी हात घातलेत हिच्यात. आधी हिला न्हाऊ घाल."

"अस्की म्हणजे?"

"अस्की म्हणजे सगळे. मराठी येत नाही का रे तुला, तंबी?"

तंबी म्हणजे धाकटा भाऊ, एवढं तमिळ मला येत होतं. मी सांगलीचा. तमिळ मुलखात, पेरुंगुडीच्या ऑफिसात दोन वर्षं दिवसभर इंग्रजी बोलून जीव आंबला होता, म्हणून शहराच्या टोकाला, आवडी नावाच्या वस्तीत, एक मराठी मेकॅनिक आहे हे कळल्यावर मी हरखून गेलो होतो. पण कनकाक्कांचं मराठी तंजावरचं. पिढ्यान्‌पिढ्या तमिळमध्ये मुरलेलं. त्यांच्या लेखी बिघडलेलं मराठी माझंच होतं, आणि हे त्या लपवतही नव्हत्या.

गाडी साठ सालातली, दोन माणसांची, उघड्या टपाची. एग्मोरच्या एका म्हाताऱ्या वकिलांकडून मी हौसेनं घेतली आणि पस्तावलो. तिला दोन कार्ब्युरेटर. हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला पाजायचं हे त्यांचं काम. पुढचा दोन सिलिंडरांना पाजतो, मागचा दोघांना. दोघांचं जमलं नाही की इंजिन थरथरतं, काळा धूर सोडतं, वेग वाढवला की ठसकतं. चार गॅरेजवाल्यांनी एकच सल्ला दिला: दोन्ही काढून फेका, एक नवा बसवा. मी हट्टाला पेटलो आणि कनकाक्कांच्या शेडपर्यंत येऊन पोचलो.

शेड त्यांच्या वडिलांची, जनकोजींची. कनकाक्कांनी तीस वर्षं कारखान्यात इंजिन तपासण्याचं काम केलं आणि सुट्टीच्या दिवशी वडिलांच्या हाताखाली. निवृत्त झाल्यावर शेड त्याच चालवू लागल्या. हत्यार म्हणाल तर हातभर रबरी नळी. तिचं एक टोक कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, दुसरं कानात. आत जाणाऱ्या हवेचा सुस्कारा दोन्हीकडे सारखा आला की जोडी जुळली. यंत्र लावून जे कळतं ते त्यांना नुसत्या कानाने कळायचं, आणि याचा त्यांना भारी ताठा होता. असायलाच हवा होता!

पण गेल्या वर्षी त्यांचा उजवा कान गेला. एका सकाळी उठल्या तर त्या बाजूला काहीच नाही. डावा शाबूत होता, तरी लेक श्रीविद्या मागेच लागली, "अम्मा, पुरे आता." माझी गाडी आली ती या वादाच्या ऐन मध्यावर. अक्कांनी लेकीला शब्द दिला, "रविवारी दुपारपर्यंत ही जुळली नाही तर तूच येऊन कुलूप लाव."

हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी गाडी ढकलत परत नेली असती.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार. मंद चालताना दोन्ही सुस्कारे सारखे, असं अक्का शपथेवर सांगत. वेग वाढवला की इंजिनाचं पुन्हा तेच. शनिवारी संध्याकाळी त्यांनी नळी फळीवर टाकली आणि डाव्या कानावर हात ठेवून बसून राहिल्या. "हाही खोटं सांगतो बहुतेक," म्हणाल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

रविवारी श्रीविद्या बाराच्या आधीच आली. हातात नवं कोरं पितळी कुलूप. मला तिचा इतका राग आला की मी नमस्कारही केला नाही. पण डोळे तिचेही रडून लाल झाले होते.

अक्कांनी मला गाडीत बसवलं, इंजिन चालू करायला लावलं आणि स्वतः कानात नळी घालून मागच्या कार्ब्युरेटरवर वाकल्या. मी पाय दाबला, इंजिन गुरगुरत चढू लागलं. तेवढ्यात अक्का ओरडल्या, "मेले! तंबी, मेले, मेले!"

मेले! दोन्ही कार्ब्युरेटर गेले! मी तशीच किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

"काय म्हणून बंद केलास?" अक्का कडाडल्या.

"तुम्हीच म्हणालात, मेले!"

"अय्यो! मेले म्हणजे वर! आणखी वर ने म्हणत होते. तमिळमध्ये..." त्या बोलता बोलता थांबल्या. कानातली नळी तशीच होती. "एकच टक," त्या हळूच म्हणाल्या.

प्रत्येक कार्ब्युरेटरच्या घुमटात एक दट्ट्या असतो. हवेच्या ओढीने तो वर उचलला जातो आणि इंजिन थांबलं की टक करून खाली पडतो. दोन दट्टे, दोन टक; आणि कार्ब्युरेटर शेजारी-शेजारी, म्हणून एका नळीतूनही दोन्ही ऐकू यायला हव्यात. माझ्या बावळटपणामुळे इंजिन भर वेगात बंद पडलं होतं, दोन्ही दट्टे वर असताना, आणि अक्कांच्या डाव्या कानाने एकच टक ऐकली होती.

त्यांनी दोन्ही घुमट उघडले. एक दट्ट्या अर्ध्यावरच अडकून बसला होता. कुणा आधीच्या गॅरेजवाल्याने साफ करताना याचा त्याला आणि त्याचा याला घातला होता, आणि हे दट्टे आपापल्या घुमटाशी मोजून घडवलेले असतात. "पहिल्याच दिवशी बघायचं ते हेच," अक्का म्हणाल्या. "कानाच्या भीतीपायी हात विसरले मी."

त्यांनी दट्टे आपापल्या घरी नेले. बोटाने एकेक उचलून सोडला. टक. टक. श्रीविद्येलाही ऐकू आलं.

मग नळी लावून फक्त एक स्क्रू, पाव फेरा. या वेळी "मेले" म्हटल्यावर मी पाय दाबला, आणि इंजिन असं एका दमात चढलं की मी सीटवरून ओरडलोच. धूर नाही, ठसका नाही.

अक्कांनी लेकीपुढे हात पसरला. श्रीविद्येने कुलूप दिलं. अक्कांनी ते चालत्या इंजिनाच्या झाकणावर उभं केलं आणि हात मागे घेतला. आम्ही तिघंही बघत राहिलो. कुलूप हललं नाही.