अकरा मिनिटं

सर्व संबंधितांस, तसेच खिडकीतून उगाच डोकावणाऱ्या असंबंधितांसही, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या रंगाच्या कारखान्यात एका सोमवारी साता समुद्रांपलीकडून प्रगत तंत्रज्ञान दाखल झालं. मी ते प्रत्यक्ष पाहिलंय. तीन जाड फायली आणि एक उंच गोरे पाहुणे, असं ते दिसतं.

मी तेव्हा तंत्रज्ञान हस्तांतरणाचा हंगामी प्रमुख होतो. पाहुण्यांचं इंग्रजी मराठीत आणायचं आणि सात ऑपरेटरांची ‘मला सर्व समजले’ या फॉर्मवर सही घ्यायची, एवढंच काम. सातही सह्या झाल्या की परदेशातली मूळ कंपनी हस्तांतरण पूर्ण झालं म्हणणार आणि माझ्या पदामागचं ‘हंगामी’ जाणार. बायकोने पेढ्यांची ऑर्डरसुद्धा देऊन ठेवली होती. तिचा माझ्यावर नव्हे, पण परदेशी कंपनीवर विश्वास होता.

पाच दिवस पाहुण्यांनी पडद्यावर बाण दाखवले, आम्ही माना हलवल्या. शुक्रवारी सहा सह्या दीड मिनिटात झाल्या. एकाने तर फॉर्म उलटा धरून केली. सातवे आमचे मामा. डोंगराकडच्या गावातले, रंग शिजवायच्या टाकीवर वीस वर्षं काढलेले.

“मला नाय समजलं,” मामा म्हणाले.

“काय नाही समजलं?”

“रंग शिजला का ढवळणं बंद करून अकरा मिनिटं थांबायचं, मग टाकीचा वॉल खोलून रंग सोडायचा. का थांबायचं?”

“फायलीत लिहिलंय, मामा.”

“लिवलेलं हाय. पण का?”

मागून एकजण ओरडला, “अरे मामा, साइन मारो ना, बस निकल जाएगी!”

“तू जा बसने. थांबलं का माल तळाला बसतो. बसला तर वहीत नाव माजं लागतंय, तुजं नाय.”

मी पाहुण्यांना सांगितलं की, मामांना तंत्रज्ञानाच्या इतिहासात रुची आहे. पाहुणे हरखले. त्यांनी पहिली फाईल चाळली, मग दुसरी. तिसरी मिटेपर्यंत त्यांचे कान लाल झाले होते. मग मुख्यालयाला व्हिडिओ कॉल लावला. तिथल्या तिघांनी अकरा मिनिटं किती महत्त्वाची आहेत हे पटवून दिलं. का, ते तिघांनाही ठाऊक नव्हतं.

शेवटी त्यांनी एक निवृत्त सुपरवायझर शोधून काढला. म्हातारा कोबीच्या वाफ्यात उभा राहून पडद्यावर आला आणि प्रश्न ऐकून पोट धरून हसला. त्यांच्या जुन्या कारखान्यात तो वॉल, म्हणजे व्हॉल्व्ह, मागच्या शेडमध्ये होता. ढवळणं बंद करून हा तिथे चालत जायचा. गुडघा दुखरा, म्हणून अकरा मिनिटं लागायची. कुणीतरी घड्याळ लावून ती लिहून घेतली होती.

आमच्याकडे तो वॉल मामांच्या हाताशी आहे.

पाच दिवसांत पहिल्यांदाच मी शब्दशः भाषांतर केलं.  पाहुण्यांनी फायलीतली ती ओळ स्वतःच्या हाताने खोडली.

“आता समजलं,” म्हणत मामांनी एकेक अक्षर कोरत सही केली. माझं ‘हंगामी’ गेलं. मी हात मिळवायला पुढे झालो, तर पेनाचं टोपण लावता लावता मामा सगळ्या हॉलला ऐकू जाईल असे बोलले,

“म्हंजे ह्या बाबाचं लंगडणं आपण परदेशातून मागवलं व्हतं?”